गेरूची कुंडी

संगमनेरजवळच्या जोर्वे गावी ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये केलेल्या उत्खननात काळ्या नक्षीची लाल भांडी सापडली. नक्षी भाजण्यापूर्वी काढलेली, म्हणून सुमारे ३,००० वर्षे टिकली.

माझी आई तुळशीच्या लग्नाआधी साध्या मातीच्या कुंडीला गेरू लावी, वर चुन्याने स्वस्तिक, गोपद्मे काढी. हा रंग भाजलेल्या मातीवर, नुसत्या पाण्यात कालवलेला. पावसात धुऊन जाई. कार्तिकात आई पुन्हा रंगवायला बसे. घरोघरच्या बायकांच्या अशा कलेचा माग उत्खननात लागणे म्हणूनच कठीण.

आईची कुंडी आज माझ्याकडे आहे. तिच्यावर एक रेघही उरलेली नाही. उद्या एखाद्या संशोधकाला ती सापडली, तर तो ‘बिननक्षीची’ अशीच नोंद करील.