नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया : मॅनर्स अँड कस्टम्स

बंगळूरच्या कलावंत पुष्पमाला एन. (जन्म १९५६) यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह २०००–०४ या काळात साकारलेली संकल्पनाधिष्ठित छायाचित्रमालिका. चित्रे, सिनेमा आणि वर्तमानपत्रांतून परिचित झालेल्या स्त्रीप्रतिमा तिच्यात वेशभूषा व नेपथ्यासह नव्याने उभ्या केल्या आहेत. देवी, विजापूरच्या दखनी चित्रातली योगिनी, तोडा जमातीची स्त्री, पोलिसांनी पकडलेली बाई, बहुतेकींचा चेहरा पुष्पमाला यांचाच.

पुष्पमाला मूळच्या शिल्पकार, शिक्षण बडोद्याला. मुंबईत चित्रित केलेल्या ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ (१९९६–९८) या मालिकेत त्यांनी जुन्या हिंदी स्टंटपटांतल्या फिअरलेस नादियाच्या धाटणीची नायिका रंगवली होती. अमेरिकेच्या छायाचित्र-कलावंत सिंडी शर्मन यांनीही ‘अनटायटल्ड फिल्म स्टिल्स’मध्ये (१९७७–८०) स्वतःलाच नटवले, पण त्यांच्या नायिका कोणत्याही ठरावीक सिनेमातल्या नव्हत्या. पुष्पमाला बहुतेकदा नेमके मूळ चित्र समोर ठेवतात.

मालिकेतली सर्वांत बोलकी प्रतिमा लक्ष्मीची. ती राजा रविवर्मा यांच्या चित्रावरून घेतली आहे. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याच्या रंगीत शिळाछापांमुळे ही लक्ष्मी देवघरांत आणि दुकानांच्या गल्ल्यांमागे जाऊन बसली. गोरा, भरलेला, एकही रेघ नसलेला तो चेहरा. ‘लक्ष्मीसारखी सून’ म्हणताना अनेकांच्या डोळ्यांपुढे तोच येतो. पुष्पमाला यांनी कमळ, साडी, दागिने सारे जुळवले आहे. मागचा देखावा रंगवलेला आहे, हेही झाकलेले नाही. मात्र या सगळ्या थाटात चेहरा आहे तो चाळिशी ओलांडलेल्या, हाडामांसाच्या बाईचा. नजर तिथेच अडखळते, आणि आपण आजवर देवीत नेमके काय सुंदर मानत आलो, हा प्रश्न पडतो.

मालिकेच्या एका भागात चौकटींचा पडदा दिसतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मानववंश-अभ्यासक अशाच पडद्यापुढे माणसांना उभे करून त्यांच्या शरीराची मापे घेत. लक्ष्मीचे चित्र आणि हा पडदा एकाच मालिकेत आल्याने दोन्ही मोजपट्ट्याच आहेत, एक सौंदर्याची, दुसरी शरीराची, हे उघड होते; मालिकेचे खरे बळ या शेजारात आहे.

ही छायाचित्रे सुटी पाहिली तर निव्वळ हुबेहूब वेशांतर वाटण्याचा धोका आहे. म्हणून लक्ष्मी पाहताना घरातले लक्ष्मीचे एखादे जुने कॅलेंडर जरूर शेजारी ठेवावे.