ऋण फेडणारा समाज

स्मरणिकेच्या निमित्ताने आपण प्रतिवर्षी आपल्या ज्ञातीच्या पूर्वजांचे स्मरण करतो आणि निधीचा ताळेबंद पाहतो. यंदा आम्ही वाचकांपुढे एका दूरदेशीच्या लहान समाजाचा इतिहास ठेवीत आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेबनॉन व सीरिया या प्रदेशांतील हजारो कुटुंबे अमेरिकेस गेली. पाठीवर गाठोडे घेऊन दारोदार किरकोळ माल विकणे, हा त्यांतील अनेकांचा पहिला उद्योग. अशा स्थलांतरितांच्या पोटी १९१२ साली जन्मलेला एक मुलगा पुढे डॅनी थॉमस या नावाने विनोदी नट म्हणून कीर्ती पावला. उमेदवारीच्या काळात विपन्नावस्थेत असताना त्याने डेट्रॉईटच्या एका चर्चमध्ये संत ज्यूड यांस नवस केला, 'मला मार्ग दाखवा, मी तुमचे मंदिर उभारीन.' यश लाभल्यावर तो नवस विसरला नाही. मात्र ते मंदिर मुलांच्या रुग्णालयाच्या रूपाने बांधण्याचे त्याने ठरविले.

इमारत एकदा उभी राहील; पण ती नित्य चालवावयाची कोणी? हा प्रश्न घेऊन तो आपल्या समाजाकडे गेला. ज्या देशाने आपल्या आईबापांस आसरा दिला, त्याचे ऋण आपण समाज म्हणून फेडू, असे त्याचे म्हणणे होते. त्यातूनच १९५७ साली 'अल्सॅक' ही निधिसंस्था जन्मास आली. ४ फेब्रुवारी १९६२ रोजी मेंफिस शहरी 'सेंट ज्यूड' रुग्णालय उघडले. आराखडा पॉल विल्यम्स या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञाने विनामूल्य दिला होता. दक्षिण अमेरिकी संस्थानांत वर्णभेद रूढ असताना येथे गोऱ्या व काळ्या मुलांची व्यवस्था एकत्रच होती.

त्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाच्या प्रमुख प्रकारात शंभरांतील जेमतेम चार मुले वाचत. औषधाने रोग दबे, पण मेंदूच्या आवरणांत दडून तो पुन्हा उलटे. पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र दिली, मेंदू व मज्जारज्जूकडे स्वतंत्र लक्ष पुरविले आणि उपचार दीर्घकाळ चालविले. १९७० च्या सुमारास निम्मी मुले बरी होऊ शकतात, हे सिद्ध झाले. आज तेथे हे प्रमाण नव्वदाहून अधिक आहे. उपचार, प्रवास, निवास व अन्न यांचे बिल तेथे कोणत्याही कुटुंबास दिले जात नाही. १९९१ साली थॉमस निवर्तला. त्याची समाधी रुग्णालयाच्या आवारातच आहे.

हा इतिहास आम्हांस आपल्या दारापर्यंत आणून सोडतो. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून कर्करोगावर उपचार होत आहेत. दूरदूरच्या खेड्यांतून आईबाप मुलास घेऊन तेथे येतात. महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचारांत औषधाइतकाच राहण्या-जेवण्याचा खर्च जड होतो. बरा होऊ शकणारा मुलगा केवळ त्यापायी उपचार अर्धवट टाकून गावी परतावा, हे आपल्या शहरास भूषणावह नाही.

ज्ञातीचा निधी ज्ञातीच्या मुलांसाठी, ही आपली जुनी रीत. ती वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या समाजाचे पूर्वज गाठोडी घेऊन दारोदार फिरले, त्याने आपले दार सर्वांच्या मुलांसाठी उघडले आणि त्यामुळेच त्याचे नाव राहिले. आपणही प्रतिवर्षी निधीचा एक वाटा, कितीही अल्प असो, जात न विचारता एखाद्या आजारी मुलाच्या उशाशी ठेवावा, अशी ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे.