निकालाआधीची कैद

लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु शिक्षा आणि मंडाले यांकडे वळण्याच्या घाईत जामिनाचे प्रकरण बहुधा दोन ओळींत आटोपले जाते. मला मात्र ते अधिक बोलके वाटते.

१८९७च्या जुलैअखेर टिळकांना अटक झाली. आधीचे अर्ज फेटाळले गेल्यावर बॅरिस्टर दिनशा दावर यांनी त्यांच्या वतीने पुन्हा जामीन मागितला आणि न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला. २४ जून १९०८ रोजी टिळकांना पुन्हा अटक झाली. या वेळी अर्ज चालवणारे बॅरिस्टर होते महंमद अली जीना आणि न्यायासनावर होते तेच दावर. त्यांनी जामीन नाकारला. २२ जुलैला निकाल लागेपर्यंत टिळक कोठडीतच राहिले. उच्च न्यायालयाचा जामिनाचा अधिकार दोन्ही वेळी सारखाच होता. बदलला तो विवेकाधिकार वापरणारा माणूस. दोष सिद्ध होण्याआधीचे स्वातंत्र्य हा हक्क नव्हता, न्यायाधीशाची मर्जी होती.

राज्यघटनेने ही स्थिती पालटली काय? अंशतः. कलम २१मधून ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द गळाले आणि ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे आले. त्याची भरपाई म्हणून डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९मध्ये आजचे कलम २२ मांडले: अटकेची कारणे सांगावीत, वकील मिळावा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे. पण त्यानंतर आरोपीला किती काळ आत ठेवता येईल, याचे उत्तर तेथे नाही. जामिनाचा स्वतंत्र मूलभूत हक्कही नाही.

ती उणीव न्यायालयांनी भरली. १९७८मध्ये मध्य प्रदेशातील एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला; भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तोही जामीनदार चालेना. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील कच्चे कैदी सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्यांतील काही जण, गुन्हा शाबीत झाला असता तरी भोगावी लागली नसती इतकी कैद आधीच भोगून बसले होते. न्या. भगवती यांनी जलद खटला हा कलम २१चाच भाग ठरवला.

माझ्या मते या साऱ्यातून एक कसोटी हाती येते. आरोपी पळू नये, पुरावा बिघडवू नये, एवढ्यासाठीची कैद घटनेत बसते. खटला न चालवता ती लांबली किंवा केवळ गरिबीमुळे टिकली, की ती निकालाविना दिलेली शिक्षा होते आणि घटनेबाहेर जाते. २००५च्या दुरुस्तीने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ ही मर्यादा घातली, तिचे मूळ याच विचारात आहे. मात्र फाशीची तरतूद असलेले गुन्हे तिच्या बाहेर राहिले.

तरीही २०२२अखेर देशाच्या तुरुंगांतील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतले तीन. शिवाय यूएपीएसारख्या कायद्याने प्रश्नच उलटा केला आहे. आरोपी हजर राहील काय, हे मागे पडते. पोलिसांचे कागद पाहून आरोप सकृतदर्शनी खरा वाटला, की जामीन नाही. पुराव्याची उलटतपासणी तर अजून व्हायचीच असते.

२०२१मध्ये नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की खटला रेंगाळला तर असा कायदाही कलम २१च्या आड येऊ शकत नाही. निर्णय मोलाचा आहे. पण तो मिळाला तेव्हा त्या आरोपीने पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. पाच वर्षांनी घटनाबाह्य ठरणारी कैद दुसऱ्या वर्षी घटनेला धरून होती काय? ही रेषा कोठे ओढायची, ते आजही समोर बसलेला न्यायाधीशच ठरवतो. तय्यबजी लाभतील की दावर, हा प्रश्न म्हणूनच जुना झालेला नाही.