देवनागरी खिळ्यांस लागलेलीं वर्षें

एखाद्या लिपीचे छापण्याचे खिळे नव्यानें घडवावयास किती काळ लागतो, या प्रश्नाला चार्ल्स विल्किन्स यांच्या चरित्रांत दोन उत्तरें सांपडतात. एक चार महिन्यांचें, दुसरें तेरा वर्षांचें. आणि दोन्ही खरीं आहेत.

विल्किन्स १७७० सालीं कंपनीच्या नोकरीनिमित्त बंगालमध्यें आले. १७७८ सालीं हुगळी येथें हालहेड यांचें बंगाली भाषेचें व्याकरण छापलें गेलें, त्याचे खिळे विल्किन्स यांनीं तयार केले होते. पंचानन कर्मकार हे कारागीर त्या कामीं त्यांचे सहायक होते. हालहेड यांनीं प्रस्तावनेंत विल्किन्स यांची मुक्तकंठानें स्तुति केली. पंचानन यांचें नांवहि घेतलें नाहीं.

१७८६ सालीं विल्किन्स विलायतेस परतले. पुढें १७९५ च्या आरंभीं, केंट परगण्यांतील आपल्या घरीं, संस्कृत व्याकरण छापण्यासाठीं त्यांनीं देवनागरी खिळे स्वतःच्या हातांनीं घडवावयास घेतले. पोलादी कांबीच्या टोंकावर अक्षर उलटें कोरावयाचें, तें पोलाद पाणी देऊन कठीण करावयाचें, तांब्यावर ठोकून त्याचा खोल ठसा उठवावयाचा, आणि तो साच्यांत बसवून वर शिशाच्या मिश्र धातूचा रस ओतावयाचा, तेव्हां एक खिळा हातीं येतो. नागरींत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरें यांमुळें अशा ठशांची संख्या शेंकड्यांनीं मोजावी लागते. त्यांत शिरोरेघ! शेजारच्या दोन खिळ्यांच्या रेघा केसभर खालींवर झाल्या कीं सारी ओळ बिघडते.

तरीहि २ मेपर्यंत सोळा पृष्ठांचे कच्चे छाप निघाले होते. त्या दिवशीं दुपारीं दोन वाजेपर्यंत सर्व सुरळीत होतें. मग घरास आग लागली. पुस्तकें व हस्तलिखितें वांचलीं, पोलादी व तांब्याचे ठसेहि बहुतेक वांचले. परंतु ओतलेले खिळे घाईनें बाहेर हिरवळीवर फेंकले गेले, ते हरवले किंवा निकामी झाले.

खरें पाहतां ठसे हातीं असतांना खिळे पुन्हा ओतणें हें कांहीं वर्षांचें काम नव्हे. पण काम पडून राहिलें. १८०६ सालीं हर्टफर्ड येथें कंपनीचें कॉलेज निघालें, विद्यार्थ्यांस संस्कृत व्याकरण हवें झालें, तेव्हां विल्किन्स यांनीं नवे खिळे ओतले. ग्रंथ १८०८ सालीं बाहेर पडला. लोखंड तापलें होतें, गिऱ्हाईक नव्हतें, एवढाच त्या विलंबाचा अर्थ.

इकडे पंचानन श्रीरामपूर येथें केरी यांच्या मिशन छापखान्यांत गेले होते. तेथें नागरीच्या सुमारे ७०० ठशांचें काम त्यांनीं आरंभिलें. केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपूर येथें नागरींत छापून निघालें, म्हणजे विल्किन्स यांच्या ग्रंथाच्या तीन वर्षें आधीं. पंचानन थोड्याच काळांत निवर्तले. त्यांनीं हाताखालीं माणसें तयार केलीं होतीं. त्यांपैकीं जांवई मनोहर यांनीं श्रीरामपुरास पुढें चाळीस वर्षें ठसे कोरण्याचें काम केलें.