समुद्राखालचा गोंगाट आणि डॉल्फिनचे कान

आजची गोष्ट चेन्नईच्या किनाऱ्यावरून सुरू होते.

22 सप्टेंबर 1914. रात्री साडेनऊच्या सुमारास 'एमडन' ही जर्मन युद्धनौका मद्रास बंदरासमोर आली आणि तिने सव्वाशेच्या आसपास तोफगोळे डागले. बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. हायकोर्टाच्या भिंतीपाशी या हल्ल्याचा स्मृतिफलक आहे आणि तमिळ बोलीत चलाख, धाडसी माणसाला 'एमडन' म्हणायची रीतच पडली. जमिनीवरचा आवाज असा शंभर वर्षं लक्षात राहतो. पाण्याखालच्या आवाजाचं मात्र तसं होत नाही.

त्याच महायुद्धात पाणबुड्यांनी धुमाकूळ घातला. त्या शोधायच्या कशा? पाण्यात प्रकाश लवकर विरतो, पण आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने. पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1917 च्या सुमारास पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपायचं तंत्र विकसित केलं. त्यातूनच पुढे सोनार आलं. गंमत अशी, की डॉल्फिन हेच लाखो वर्षं करत होता, आणि हे आपल्या लक्षात आलं 1940-50 च्या दशकांत!

डॉल्फिनला बाहेर दिसणारे कान नसतात. खालच्या जबड्यातल्या चरबीतून आवाज आतल्या कानात पोचतो. आपण जेमतेम 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, बॉटलनोज डॉल्फिन दीड लाखापर्यंत. मासा कुठे, पिल्लू कुठे, हे तो कानांनीच शोधतो.

मग असा कान बधिर झाला तर?

हे तपासलं खुद्द अमेरिकी नौदलाच्या सॅन डिएगोच्या संशोधकांनी. आवाज ऐकू आला की प्रतिसाद द्यायचा, असं डॉल्फिनना शिकवलं. मग सेकंदभराचा मोठा आवाज ऐकवला आणि पुन्हा बारीक आवाजांची परीक्षा घेतली. 2000 साली निष्कर्ष छापून आले: 192 ते 201 डेसिबलच्या आवाजांनंतर ऐकण्याची क्षमता तात्पुरती घटली होती. (पाण्यातले डेसिबल वेगळ्या मापाने मोजतात, ते हवेतल्या आकड्यांशी थेट ताडू नका.) मिरवणुकीत ढोल-ताशाजवळ उभं राहिल्यावर आपले कान काही वेळ दडे बसल्यासारखे होतात ना, तसंच. प्रयोगात कान पूर्ववत झाले. पण आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात काय नि डॉल्फिनमध्ये काय, पुन्हा उगवत नाहीत.

त्याच वर्षी मार्चमध्ये बहामा बेटांवर 17 देवमासे आणि डॉल्फिन किनाऱ्याला लागले. काहींच्या कानांभोवती रक्तस्राव आढळला. नौदलाचं सोनार हेच सर्वांत संभाव्य कारण, असं सरकारी अहवालाने मान्य केलं.

आता आपल्याकडे या. चेन्नईपासून सहाशे किलोमीटरहून दूर, दक्षिणेला मनप्पाड नावाचं गाव आहे. जानेवारी 1973 मध्ये तिथे 147 पायलट व्हेल किनाऱ्यावर आले. नाव व्हेल, पण कूळ डॉल्फिनचं. जानेवारी 2016 मध्ये त्याच परिसरात पुन्हा ऐंशीच्या आसपास. कोळ्यांनी त्यांना पाण्यात ढकललं, तरी कित्येक परत फिरले. सोनारमुळे झालं का? तसं सिद्ध झालेलं नाही. हे प्राणी कळपाला घट्ट धरून राहतात, म्होरक्या चुकला तरी सगळे चुकतात. आणि मेलेल्या प्राण्याचा आतला कान काही तासांतच खराब होऊ लागतो. मृतदेह मोजता येतात, बहिरेपण मागाहून मोजता येत नाही.

म्हणून आधीपासून ऐकत राहणं महत्त्वाचं. चेन्नईच्या पल्लीकरणैमध्ये 1993 साली स्थापन झालेली राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था हे काम करते. पाण्यात हायड्रोफोन सोडून वारा, पाऊस, जहाजं यांचे आवाज नोंदवते. अशा नोंदी असल्या तरच उद्या कुणी विचारलं, की त्या दिवशी समुद्रात काय वाजत होतं, तर उत्तर देता येईल.

एक दिलासा आहे. तेल सांडलं की वर्षानुवर्षं राहतं, आवाज मात्र यंत्र थांबताच थांबतो. जहाजाचा वेग कमी केला, पंखा सुधारला, की गोंगाट घटतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2014 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वंही दिली, पण ती ऐच्छिक आहेत.

पुढच्या वेळी मरीनावर उभे राहाल, तेव्हा क्षितिजावर नांगरलेली जहाजं नुसती बघू नका. त्यांच्याखाली कुणीतरी कान देऊन पोट भरतंय, हेही आठवा.