पितळी पातेले आणि बाळाचे यकृत

इतिहास म्हटला की गड आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. आज मी एका दुधाच्या पातेल्याचा इतिहास सांगणार आहे.

दुसऱ्याचे यकृत बसवायची पाळी केव्हा येते? आपले यकृत निबर होऊन त्याचे काम थांबते तेव्हा. दारूने असे होते, बी आणि सी जातीच्या काविळीने होते, यकृतात साठलेल्या चरबीनेही होते. पण एके काळी आपल्या देशात वर्षा-दोन वर्षांची लेकरे यानेच जात. पोट फुगे, यकृत दगडासारखे हाताला लागे, मग कावीळ, जलोदर, आणि बहुधा वर्षाच्या आत सारे आटोपे. कलकत्त्यास १८८७ सालीच या रोगाची नोंद झाली होती. एकाच घरातली दोन भावंडे दगावत, म्हणून दोष कुळाचा ठरे. आता कुळाचा दोष म्हटला की बोट कोणाकडे वळते, हे माझ्या भगिनींना सांगायला नको!

१९७० नंतर अशा मुलांच्या यकृतात तांब्याचा अतोनात साठा आढळला. तो आला कोठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि विलायतेचे डॉ. टॅनर यांनी आजारी मुलांच्या घरची चौकशी केली. १९८३ साली त्यांनी मांडले ते असे: या बाळांना वरचे दूध फार लवकर सुरू झाले होते, आणि ते तापे पितळेच्या नाहीतर तांब्याच्या भांड्यात. दूध तांबे ओढून घेते. किल्लारी-औशाकडे पितळी पातेले काही नवलाचे नव्हे. कल्हई उडाली तरी तेच चुलीवर चढायचे. अर्थात असे दूध पिणारी सगळीच मुले आजारी पडली नाहीत. काही बाळांच्या अंगातच तांबे बाहेर टाकण्याची शक्ती कमी असावी. पण ऑस्ट्रियातल्या टायरॉल भागातही तांब्याच्या भांड्यातल्या दुधाने १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके गेली.

यकृत बदलण्याचा पहिला प्रयत्न अमेरिकेत डॉ. स्टार्झल यांनी १९६३ मध्ये केला. भारतात यश आले १९९८ साली. तोवर आपल्याकडे भांडी बदलली होती, तांबे लघवीवाटे काढणारे औषधही वेळेवर दिल्यास गुण देत होते, आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला होता.

आज लहान मुलांचे यकृत बदलावे लागते ते मुख्यतः पित्ताची नळी जन्मतःच बंद असल्याने. तिथे पातेल्याचा संबंध नाही. बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली, शी पांढरट होऊ लागली, तर थांबू नये. १९५९ साली जपानात डॉ. कसाई यांनी सांगितलेली शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचे व्हायच्या आत झाली तर अधिक साधते.