राब, कुरण आणि शाळा : ठाणे परिसरातील कृषिवारशाच्या कृतिशील अध्यापनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

'खोपट' म्हणजे गवताने शाकारलेली लहान झोपडी. ठाणे शहरातील खोपट मात्र आज एस.टी. आगार व निवासी इमारतींमुळे ओळखले जाते. अशा शहरी भागातील विद्यार्थ्यांना पावसाळ्यात एक दिवस भातलावणीसाठी नेण्याचे उपक्रम शाळा राबवितात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तरविरहित दिवसांची शिफारस असल्याने अशा उपक्रमांना बळ मिळेल. तथापि, चिखलातील एका दिवसाच्या आनंदातून कृषिवारसा समजतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वैचारिक पार्श्वभूमी :

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीच्या मूलभूत ज्ञानाचा समावेश सुचविला आणि शक्य तेथे शाळांना लहान आदर्श शेते जोडण्याची कल्पना मांडली. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर आकारास आलेल्या 'नई तालीम'ने उत्पादक श्रमाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले.

कोसबाडचा प्रयोग :

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडला नेण्यात आले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा शाळाच कुरणात नेण्यात आली व 'कुरणशाळा' उभी राहिली. महागड्या साहित्याऐवजी खडे, शिंपले, पाने व बिया ही शिक्षणाची साधने झाली. येथे मुलाचे जीवन हाच पाठ्यक्रमाचा आधार होता. परंतु त्या जीवनाला दुसरी बाजूही होती. याच परिसरात १९४५ मध्ये वारली शेतमजुरांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. जमीन कसणारा आणि जमिनीचा मालक हे एकच नव्हते, हे वास्तव कृषिवारशातून वगळता येत नाही.

राब : एक अध्यापनघटक

ठाणे परिसरातील भातशेतीत राबाला विशेष स्थान आहे. उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर देऊन ते भाजतात. त्यामुळे तणांचे बी नष्ट होते व राखेतून पोषकद्रव्ये मिळतात. पाऊस पडताच तेथे बी पेरतात आणि तयार झालेली रोपे चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. या फांद्या जंगलातून येत. त्यामुळे वनकायद्याच्या निर्बंधांनंतर शेतकरी व वनखाते यांत संघर्ष झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील अशा तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमण्यात आले. अशा प्रकारे राबाच्या एका वाफ्यातून विज्ञान, भूगोल व वसाहतकालीन इतिहास हे तिन्ही विषय शिकविता येतात. वाफा प्रत्यक्ष भाजण्यापेक्षा शेतकऱ्याकडून प्रक्रिया समजून घेणे व रोपे वाढविणे शहरी शाळेस अधिक सोयीचे ठरेल. पायली, मण, खंडी या मापांनी धान्य मोजताना गणितही येईल.

निष्कर्ष :

एका दिवसाच्या सहलीऐवजी पेरणीपासून मळणीपर्यंतचा संपूर्ण हंगाम हा अध्यापनाचा घटक मानावा. शेतकऱ्यास प्रदर्शनातील पात्र न मानता जाणकार शिक्षक मानावे व त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्यावा. रोप लावणाऱ्या विद्यार्थ्याने 'हे शेत कोणाचे आणि येथे राबले कोण?' असे विचारले, तरच कृतीला इतिहासाची जोड मिळेल. हा प्रश्न वगळल्यास वारशाचे रूपांतर केवळ करमणुकीत होईल.